अकरा वेळा बरं

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि मला माझाच शब्द छापलेला दिसला. डावीकडे तारीख आणि तिच्यापुढे, ‘आई म्हणतात: बरं आहे.’ खाली दुसरी तारीख, पुढे तेच. डॉक्टर बोटाने पान खाली सरकवत गेले आणि मी मनात मोजत गेले. जपाची सवय, ओठ आपोआप हलतात. अकरा वेळा. “काकू,” डॉक्टर म्हणाले. माझ्या भाच्याच्या वयाचे असतील, पण आवाज असा की जणू चूक त्यांचीच झाली आहे. “नियम असा आहे की दोन औषधं पुऱ्या मात्रेत, पुरेसे दिवस दिली आणि दोन्हींनी गुण आला नाही, तरच हे तिसरं देता येतं. पहिल्याचं स्पष्ट आहे, ते लागलंच नाही. पण दुसरं सुरू झाल्यापासून दीड वर्ष तुम्ही सांगताय, बरं आहे. ही फाइल मी हे औषध मंजूर करणाऱ्या समितीपुढे ठेवली, तर ते मलाच विचारतील की बरं असलेल्या मुलीला एवढं जड औषध कशाला?” माझी लेक दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. पाठीशी कोणी नको म्हणून ती कुठेही गेली तरी कोपरा शोधते. ती हळू आवाजात कुणाला तरी “एकेक जण बोला” असं दटावत होती. ते आमच्यासाठी नव्हतं. मी म्हणाले, “बरं.” आणि जीभ चावली, कारण डॉक्टरांच्या बोटांनी तेवढ्यातही टंकायची तयारी केली होती.

तिसऱ्या औषधाबद्दल घरी येणाऱ्या नर्सने आम्हाला आधीच समजावलं होतं. तिला माझी लेक पिशवीवाली म्हणते, कारण तिच्या खांद्यावरच्या पिशवीत रक्तदाबाच्या यंत्रापासून सुईदोऱ्यापर्यंत सगळं सापडतं. ज्यांना दुसरं काहीच लागू पडत नाही अशांपैकी पुष्कळांना हे औषध उभं करतं, पण शंभरात एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याने एकदम उतरतात. म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त द्यायचं, अहवाल चांगला आला तरच पुढच्या सात दिवसांच्या गोळ्या मिळायच्या. एवढी उस्तवार करायला माणसं लागतात आणि ती फक्त या केंद्रात होती, नव्याने आजारी पडलेल्या तरुण मुलांच्या केंद्रात. पण केंद्र पहिली तीन वर्षंच सांभाळतं. आमची तीन वर्षं पुरी व्हायला सात आठवडे उरले होते. त्यानंतर मोठ्या दवाखान्याची रांग, दर तीन महिन्यांनी नवा डॉक्टर. तिथे हे औषध कुणी नव्याने सुरू करत नाही, असं पिशवीवालीनेच दबक्या आवाजात सांगितलं होतं. आता ती डॉक्टरांच्या टेबलाशी मान खाली घालून उभी होती. “मीच लिहिलंय ते,” ती म्हणाली. “त्या सांगतील तेच लिहायचं असतं ना.” डॉक्टरांनी पुढच्या बुधवारची वेळ दिली. “तोवर आठवून या. पण खरं खरं. मला तारखांसकट लागेल.”

खरं खरं म्हणजे काय, मी खोटं थोडंच बोलले होते? परतीच्या वाटेवर लेक भिंतीला खांदा घासत चालत होती आणि मी त्या शब्दाशी भांडत होते. कुणी कसं काय विचारलं तर माणूस बरं आहे म्हणतं. तापाने फणफणलेलं माणूसही म्हणतं. बरं म्हणजे चांगलं नाही आणि वाईटही नाही. बरं म्हणजे पातेल्यावरचं झाकण, आत काय शिजतंय ते विचारू नका. बरं, असो. बरं, निघते. बरं बाई, तुझंच खरं. त्या अकरांपैकी एक तर, मला पक्कं आठवतं, केंद्राच्या फोनवर मी सांगायला तोंड उघडलं होतं. “बरं, ऐका ना,” म्हणाले आणि फोन तुटला. तेही बिचारं ‘बरं’ फाइलीत जाऊन बसलं होतं. मला एकदम हसू आलं. लेकीने वळून पाहिलं. “तुलाही ऐकू येतायत का?” तिने विचारलं. म्हटलं, नाही गं मुंगे. लहानपणी सदान्‌कदा काहीतरी ओढत घरात आणायची, म्हणून मुंगी. “मग अशी एकटी हसू नकोस,” ती गंभीरपणे म्हणाली, “लोक वेडं म्हणतात.”

आणि व्रत होतं माझं. ती पहिल्यांदा आजारी पडली, स्वयंपाकघरातल्या नळातून चार माणसं बोलतात म्हणाली, त्या दिवशी मी देवापुढे बसून शब्द दिला की आजपासून तोंडातून एकही वाईट अक्षर काढणार नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे आईने माझ्या हाडात भिनवलेलं. घरात वाईट बोललं की घर ‘तसंच होवो’ म्हणतं. मग घर कसं फसवायचं? गोड बोलून. सकाळी दिवा लावायचा, नेमाचा अध्याय वाचायचा, तोवर कुणाशी बोलायचं नाही, आणि पुढचा सगळा दिवस गोड बोलायचं. पिशवीवाली महिन्यातून एकदा घरी यायची, त्याआधी मी नळांना बांधलेल्या चिंध्या सोडायची, मोरीच्या तोंडात कोंबलेले बोळे काढायची, फुटलेला आरसा माळ्यावर ठेवायची. लेक अर्धा तास दात आवळून नीट बसायची. तिलाही कुणाला त्रास द्यायचा नसे. पिशवीवाली लिहून न्यायची, घर नीटनेटकं. दरवाजा लागला की आम्ही दोघी मिळून चिंध्या पुन्हा बांधायचो. माझी तीन वर्षांची तपश्चर्या होती ती. मला वाटायचं, देव हे सगळं एका बाजूला ठेवत असणार.

पिशवीवालीचे फोन यायचे ते दीड-दोन महिन्यांनी एखाद्या मंगळवारी, मी कामावर असताना. मी कापडाच्या कारखान्यात तपासनीस आहे, एकवीस वर्षं. तिरक्या काचेच्या टेबलाखाली दिवे असतात, वरून ताग्याचं कापड सरकत जातं आणि खालच्या उजेडात त्याचं पोट दिसतं. तुटलेला धागा, गाठ, विणीतली फट, तेलाचा डाग. दिसलं की यंत्र थांबवायचं, त्या जागेसमोर काठाला लाल दोरा बांधायचा आणि शेवटी आपला शिक्का मारायचा. दिवसाला कितीतरी मीटर कापड माझ्या डोळ्यांखालून जातं आणि मी त्यातलं वाईट शोधते. त्यासाठीच मला ठेवली आहे. डॉक्टरांनी दिलेल्या बुधवारला दोन दिवस उरले असताना, सोमवारी, सुपरवायझरने एक तागा खांद्यावरून आणून माझ्यापुढे आपटला. “शिक्का कुणाचा?” माझाच होता. त्याने कापड उलगडून उजेडासमोर धरलं. वितभर लांब फट, आंधळ्यालाही दिसली असती. “गिऱ्हाइकाने परत पाठवला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणून बोलत नाही.” तो गेला, आणि शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण, जिला सगळा कारखाना भोंगा म्हणतो, यंत्रांच्या वरताण ओरडली, “काय गं, लाल दोरा बांधला तर तागा रडेल असं वाटलं का तुला?” आजूबाजूच्या हसल्या. मीही हसले. भोंगा जवळ आली आणि तिला जमेल तेवढ्या हळू, म्हणजे चार टेबलांना ऐकू जाईल असं, म्हणाली, “दोरा बांधला असतास तर रफूवाल्यांनी दोन तासांत सांधलं असतं. तू पास केलंस. पास झालेल्याकडे कोण बघतंय पुन्हा?”

तिला काही माहीत नव्हतं. मी कारखान्यात कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. भोंग्याने लेकीची चौकशी केली की तिलाही मी तेच सांगायची. पण त्या दिवशी कापड सरकत राहिलं आणि मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. हातात दोऱ्याचं रीळ होतं. दीड वर्ष मी माझ्या पोरीवर शिक्का मारत आले होते. रफूचं टेबल तिथेच होतं, माणसं सुया ओवून बसली होती, आणि मी फोनच्या दर मंगळवारी पास, पास, पास. बुधवारी पहाटे अंघोळ करून देवापुढे बसले तेव्हा अध्याय उघडलाच नाही. मी देवाकडे पहिल्यांदा तक्रार केली. हळूच सुरू केली, सवय नव्हती. मग सुचत गेलं. ती मला चावली ते सांगितलं, आरसा सांगितला. तिचं मरण मी एकदा मागितलं होतं, अर्धं मिनिट, भांडी घासताना, तेही सांगितलं. दिवा ढळला नाही. देव ऐकून घेत होता. त्याला सवय असावी. उठले तेव्हा गुडघे हलके होते. व्रत मोडल्यावर माणसाला भीती वाटायला हवी. मला भूक लागली होती.

केंद्रात शिरताना लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मंडळी म्हणतायत, ही बाई तोंड उघडणार नाही.” मंडळी म्हणजे ती नळातली चार माणसं, नावं त्यांना नाहीत, पण एक म्हातारा आहे जो बोलण्याआधी खोकतो. म्हटलं, “मंडळींना म्हणावं, बसा आणि ऐका.” ती थबकली. मंडळींना मी आजवर कधी निरोप धाडला नव्हता. डॉक्टरांनी यादी उघडली, पिशवीवाली वही घेऊन बसली, लेक कोपऱ्यात. डॉक्टरांनी पहिली तारीख वाचली आणि माझ्या डोळ्यांपुढे काही येईना. नुसता आकडा. दीड वर्षातला एक मंगळवार कुणाला आठवतो? मग मी विचारलं, “महिना थंडीचा ना? सकाळचा फोन?” हो म्हणाले. आणि टेबल दिसलं. त्या आठवड्यात शाळेच्या गणवेशाचं कापड चालू होतं, राखाडी, डोळ्यांना फार जड. राखाडी कापड सरकतंय, फोन कानाशी आहे आणि माझ्या डाव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं आहे. “त्या दिवशी माझ्या मनगटावर दात उमटले होते,” मी म्हणाले. “आदल्या संध्याकाळी मी नळ सोडला म्हणून. पाच दिवस ती अंघोळीला गेली नव्हती. फक्त बंद पाकिटातलं खात होती, पाकीट तिने स्वतः फोडलेलं असलं तर.” डॉक्टर टंकू लागले. कोपऱ्यातली कुजबुज थांबली होती. मला तिच्याकडे पाहायचं धैर्य नव्हतं. पोटच्या पोरीची लक्तरं तिच्यादेखत अशी उजेडावर धरायची.

“पुढची तारीख,” मी म्हणाले. निळ्या पट्ट्यांचं कापड, गाद्यांच्या खोळींचं: तिने शेजाऱ्यांच्या दारावर रात्रभर थाप मारली होती, म्हाताऱ्याला बाहेर काढा म्हणून. पांढरी मलमल, जिच्यात दोष दिसता दिसत नाहीत: गोळ्या चालूच होत्या, मी स्वतः जिभेखाली बघून द्यायची, तरी त्या आठवड्यात ती मला आई म्हणत नव्हती, तिच्या मते मी आईसारखी दिसणारी दुसरी कुणी होते. “गोळ्या चुकल्या नव्हत्या ना कधी?” डॉक्टरांनी मध्येच विचारलं, आणि त्यांच्या आवाजावरून कळलं की हेच कळीचं आहे. “एकही नाही,” मी म्हणाले. “ते मी व्रतासारखं पाळलंय.” तपकिरी जाडं कापड आलं, पडद्यांचं आलं, एकामागून एक तागे माझ्यापुढून सरकत गेले आणि मी प्रत्येकाला दोरा बांधत गेले: तारीख, जागा, किती लांब. आवाज मला माझाच वाटेना. रडवेला नव्हता. कामावरचा होता, शिक्का हातात असलेल्या बाईचा. सातव्या तारखेला मी अडले. हिरवं कापड आठवत होतं, पण घरी काय घडलं ते आठवेना. तेव्हा कोपऱ्यातून लेक म्हणाली, “आरसा.” सगळ्यांनी मान वळवली. “आरसा फोडला मी तेव्हा. तू तळहातातली काच काढलीस, चिमट्याने. आणि काढता काढता मला लहानपणीची गोष्ट सांगत होतीस, चुकीची. शेवट बदललास.” मग ती खुर्ची ओढत भिंतीपासून हातभर पुढे आली. “आणि आठवीला हे लिहा, की मी खिडकीत उभी होते. आईला माहीत नाही ते. दुपारी. मंडळी म्हणत होती, उतर खाली, रस्त्यावर. मी उतरले नाही, कारण आई कामावरून यायची वेळ झाली होती आणि किल्ली माझ्याजवळ होती. ती बाहेर राहिली असती.”

पिशवीवालीने वही खाली ठेवून नाक पुसलं. मी लेकीचा हात धरायला गेले, तर तिने झटकून टाकला. “पुढचं सांग ना, मध्येच काय.” मग आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. ती माझ्या तारखा दुरुस्त करायची, मी तिच्या. “तीन दिवस नाही, चार.” “तेव्हा ओरडले मी नाही, तू ओरडलीस.” “मी? मी कशाला ओरडेन?” “उशीत तोंड घालून. मी ऐकलं.” अकराव्याला आम्ही पोहोचलो, तो तुटलेला फोन, आणि मी म्हणाले की हे ‘बरं’ नव्हतंच, ही सुरुवात होती, तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले आणि लगेच माफी मागू लागले, पण लेकही हसत होती. अडीच वर्षांनी मी तिचे दात हसताना पाहिले. “मंडळी काय म्हणतायत?” पिशवीवालीने तिला विचारलं. लेकीने कान दिल्यासारखं केलं. “बोलतायत,” ती म्हणाली. “पण आज त्यांचं कुणी ऐकत नाहीये.”

समितीची सही नऊ दिवसांनी आली. तीन वर्षं भरायला पुरते पाच आठवडेही उरले नसताना पहिली गोळी पोटात गेली, अर्धी, पाण्याच्या घोटाबरोबर, पिशवीवाली घड्याळ धरून समोर. एकदा सुरू झालेलं औषध मध्येच तुटू द्यायचं नसतं, म्हणून नवा दवाखाना ते पुढे चालवेपर्यंत केंद्राने आम्हाला सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी त्याच कागदावर लिहून घेतलं होतं. मी तो कागद देवाजवळ ठेवला आणि मग वाटलं, नको, कामाचा कागद आहे, कपाटात ठेवावा. मात्रा मुंगीच्या पावलांनी वाढवायची होती. पहिले आठवडे ती झोपली, नुसती झोपली. उशी लाळेने भिजायची, मी टॉवेल बदलायची. छाती धडधडायची, पोट चार चार दिवस साफ व्हायचं नाही. आता फोन आला की मी यंत्र थांबवून बाहेर जिन्यात जायची आणि पोट, लाळ, धडधड, झोप, सगळं एका दमात सांगायची, एवढं की एकदा पिशवीवालीच म्हणाली, “ताई, श्वास घ्या.” दर सोमवारी रक्त. रक्त घेणारा लेकीच्या दंडाला पट्टा बांधून म्हणायचा, “मूठ आवळा,” आणि ती माझ्याकडे बघून मूठ आवळायची. संध्याकाळी अहवाल. पेशी ठीक असल्या की तिथे एकच शब्द असतो, हिरवा. पहिला हिरवा आला तेव्हा मी जिन्यात उभी होते, परत आत आले तर भोंगा म्हणाली, “काय गं, लॉटरी लागली?” मी तिला सगळं सांगितलं. यंत्रांच्या आवाजात सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं. मी ओरडून सांगितलं. चार टेबलांनी ऐकलं. एक जण रडली, तिचा भाऊही असाच आजारी निघाला. भोंग्याने यंत्र बंद करून मला मिठी मारली आणि कानात, खरोखरच हळू, म्हणाली, “तीन वर्षं एकटीने? वेडी कोण म्हणायची मग?”

सातव्या आठवड्यात लेकीने सांगितलं की चारांतले दोन हल्ली उशिरा येतात. नवव्यात, एकच जण बोलतो. अकराव्या आठवड्यात आम्ही जेवायला बसलो होतो, मी नळ सोडला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं, पाणी वाहत होतं आणि ती वाढून घेत होती. “म्हाताऱ्याचा नुसता खोकला उरलाय,” ती म्हणाली. “बोलायला जातो आणि खोकतो. काय सांगायचं ते विसरला असेल.” दोन दिवसांनी मी विचारलं, खोकला? ती म्हणाली, “काल नाही आला. बिचारा,” आणि ताट उचलून मोरीत गेली. मी बसल्या जागी हात जोडले. पूर्वी असे हात जोडले की काहीतरी मागायची. त्या वेळी मागायला काही सुचेना, तर तसेच जोडून ठेवले, थोडा वेळ.

अठराव्या सोमवारचा अहवालही हिरवा आला. आता यापुढे रक्त पंधरा दिवसांनी. मंगळवारी सकाळी औषधांच्या खिडकीतल्या बाईने पाकीट माझ्यापुढे सरकवलं, तर लेकीने मधूनच हात घालून ते घेतलं, वरचं नाव वाचलं, मात्रा ताडून पाहिली आणि आपल्या पिशवीत टाकून चेन ओढली. “घरांचे नकाशे काढतात त्या ऑफिसात मी विचारून येते,” ती म्हणाली. “मी फोन केला तेव्हा अर्धा दिवस काम आहे म्हणाले होते, नकाशांवर रेघा मारायचं. तू जा कामावर, उशीर होतोय तुला.” म्हटलं, मी येते ना बरोबर. “तू येऊन काय करणार? रेघा मी मारणार आहे.” आणि पायऱ्या उतरून ती रस्त्याला लागली. ऑफिसांची वेळ होती, चारी बाजूंनी माणसं चालत होती आणि ती त्यांच्या मधोमध, भिंत सोडून, फुटपाथच्या ऐन मध्यावरून चालत गेली. मागे माणसं होती, कितीतरी; एका बाईचा तिला धक्काही लागला. तिने वळून पाहिलं नाही. राखाडी, निळ्या, पांढऱ्या पाठी एकमेकींत मिसळत पुढे सरकत होत्या, आणि थोड्या वेळाने त्यांतली माझ्या लेकीची कुठली ते मला ओळखता येईना. मी शोधलीही नाही.